मांडवाशिवाय हाक

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी, पनवेलमधल्या आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात, माझ्या आईला स्टेजवर बसवून तिच्या मेलेल्या मुलाला हाक मारायला सांगण्यात आलं. सांगणारे इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. चर्चासत्राचा विषय होता पहिल्या महायुद्धातली इंग्रजी कविता आणि तिच्यामागून आलेली नवी कविता. मी त्याच विभागात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मेलेला मुलगा म्हणजे माझा थोरला भाऊ.

स्टेजवर पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, पांढरी कव्हरं घातलेल्या. आईसाठी सतरंजी होती. मी एक खुर्ची उचलून पुढे नेली. सर म्हणाले, "अगं, नको. त्यांना खालीच बसू दे. ऑथेंटिक वाटतं."

हे ते आईच्या डोक्यावरून बोलले. आई तोवर खाली बसली होती.

सभागृहात कुणी हसलं नाही. सगळे आदरानं बघत होते. वर्गात मला हसले होते, तेव्हा आपल्याला काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. या आदरात काय होतं ते कळायला जास्त वेळ लागला.

झालं ते क्रमानं सांगते.

आमचं गाव तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. गाव आधीचं, कारखाने नंतरचे. जमिनी गेल्या. ज्यांना त्या पैशाचं काही करता आलं ते बिल्डर झाले, ज्यांना आलं नाही ते कंपन्यांच्या गेटवर उभे राहिले. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. वडील जासईला कंटेनरच्या यार्डात वॉचमन आहेत, रविवारी घरी येतात. भाऊ एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत भटजी येण्याआधी तिचं काम सुरू झालेलं असतं. मांडवात बसून ती धवले गाते. आधी देवांना बोलावते, मग गावदेवाला, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन. या, बसा, पोरीची हळद बघा, जेवून जा. लग्न उरकलं की तीच त्यांना परत लावून देते. त्याचं वेगळं गाणं आहे.

एका दुपारी भावाच्या कंपनीत एक कामगार टाकी साफ करायला उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला भाऊ उतरला. दोघंही गेले. टाकीत गॅस साठला होता. कोणता, ते आम्हाला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं.

भावाला घरी आणलं तेव्हा त्याच्या ओठांवर फेस होता. आईनं पदरानं पुसला. थोड्या वेळानं पुन्हा आला. आईनं पुन्हा पुसला. असं उचलेपर्यंत चाललं.

दहाव्याच्या आधी कंपनीचे एक अधिकारी घरी आले. पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "तुमचा मुलगा शूर होता. दुसऱ्यासाठी जीव दिला त्यानं. सैनिकच म्हणायचं."

आईनं विचारलं, "सायेब, त्याला मास्क व्हता का?"

"चौकशी चालू आहे, आई."

"व्हता का नव्हता, तेवरं सांगा."

साहेबांनी चप्पल घातली.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

पुढच्या वर्षी मी एम.ए.ला प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, दुपारी एका स्थानिक दैनिकाचं ऑफिस. तिथे मी बातम्या लिहायचे आणि आमचे संपादक त्यातली विशेषणं कापायचे. "भीषण कशाला? किती मेले ते लिही, वाचणाऱ्याला भीषण कळतं," असं ते म्हणायचे. अभ्यासाला नेमलेल्या युद्धकविता मी पहिल्यांदा वाचल्या त्या याच ऑफिसात, दोन बातम्यांच्या मध्ये. खंदकातला चिखल. ओल्या बुटांत कुजलेले पाय. विषारी वायू, आणि ज्याला मुखवटा वेळेत मिळाला नाही तो माणूस. घरी सुरक्षित बसून शौर्याची भाषणं करणाऱ्यांवरचा राग. मेलेल्या मित्रांची तोंडं, जी परत आलेल्याला सोडत नाहीत. त्यानंतरच्या कविता आणखी वेगळ्या. वाक्य मध्येच तुटतं. एक माणूस बोलत असतो, तोवर दुसराच बोलायला लागतो. देवाचा पत्ता नसतो. शहरातली माणसं कामाला जातात, कामावरून येतात, आणि ती जिवंत आहेत की नाहीत हे कवीला सांगता येत नाही.

वर्गातल्या मुली म्हणायच्या की हा पेपर फार अवघड आहे. मला तो अवघड गेला नाही. ते लोक शंभर वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या देशातले, गोरे. तरीही शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटमधून बाहेर पडणारी माणसं मी रोज बघत होते. कारखान्यांच्या पाण्यानं वास मारणाऱ्या कासाडी नदीवरून जाताना श्वास धरायला आम्ही लहानपणीच शिकलो होतो. कवितेतला चिखल मला कुठून तरी आणून डोळ्यांसमोर उभा करावा लागत नव्हता.

सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. डिसइल्यूजनमेंट. फ्रॅगमेंटेशन. एलिअनेशन. म्हणाले, "या तीन थीम्स उत्तरात आल्या की मार्क कुठे जात नाहीत." मग त्यांनी प्रश्न विचारला. गॅसनं मरणारा माणूस हे कवी एवढ्या बारकाईनं का दाखवतात? वाचणाऱ्याला किळस यावी इतकं?

मी उभी राहिले. इंग्रजीत सुरुवात केली. अडखळले. मराठीत आले, आणि आली ती घरचीच मराठी.

"सर, तो मानूस मेल्यावर पन तोंडाला फेस येतो. पुसला तरी येतो. ज्यानं तो पुसलाय त्याला शौर्य दिसत नाय. म्हनून ते दाखवतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी "नाऽऽय" असं लांबवून म्हटलं. वर्ग हसला.

सरांनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, "मॅडम, हा एम.ए.चा वर्ग हाय. तळोजा नाका नाय."

यावर वर्ग जास्त हसला. सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, मोठ्या मनानं. "बसा. थीम सांगा. शेजारपाजार नको."

मी बसले. त्यानंतर त्या वर्गात मी तोंड उघडलं नाही. रिक्षातून घरी येताना मनातल्या मनात 'आहे', 'नाही', 'माणूस', 'पाणी' असं घोकायचे. एकदा आईला जेवायला बसताना म्हटलं, "मला भूक नाही." आईनं वर पाहिलं.  ती माझ्याकडे बघत होती, जसं दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात.

बोलणं बंद झालं, तसं लिहिणं वाढलं. दुसऱ्या वर्षी अंतर्गत परीक्षेसाठी निबंध द्यायचा होता. मी युद्धकवितेतल्या मेलेल्यांवर लिहिला, इंग्रजीत. मुद्दा साधा होता. या कवितांमध्ये मेलेली माणसं परत येतात, कारण त्यांना कुणी रीतसर निरोप दिलेला नसतो. ती चिखलात राहिली, नावं दगडावर गेली. आमच्याकडे धवलारीण मेलेल्यांना नावानं बोलावते, जेवू घालते आणि परत लावून देते. कवीजवळ बोलावणं होतं, लावून द्यायचं गाणं नव्हतं. म्हणून या कवितांचा शेवट शांत होत नाही. उदाहरण म्हणून आईचा उल्लेख केला होता, आणि भावाचाही. एका परिच्छेदात.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या केबिनमध्ये मला पहिल्यांदाच 'बस' म्हटलं गेलं.

"हे तू आधी का नाही सांगितलंस? दिस इज गोल्ड," सर म्हणाले. "फेब्रुवारीत आपला सेमिनार आहे. आईला घेऊन ये. त्या गातील, मी थिअरी जोडेन."

"सर, त्या लग्नाशिवाय गात नाहीत."

"लग्नात गातात, माहितीये. डेमोला काय मांडव घालायचा?"

मी त्यांना नियम सांगितला. मेलेल्याला मांडव असेल तरच बोलवायचं. मांडव आहे म्हणजे जेवण आहे, गोतावळा आहे, आणि शेवटी लावून देणं आहे. मांडव नसताना नाव घेतलं तर तो येतो आणि त्याला बसायला जागा नसते. मग तो जात नाही. आमच्या गावात कुठलीही धवलारीण हे करत नाही. घरात गुणगुणतानासुद्धा नावाच्या जागी थांबतात.

"सुंदर," सर म्हणाले. आणि लिहून घेतलं.

मग म्हणाले, "जूनमध्ये तासिका तत्त्वावरच्या जागा निघतील. सीएचबी. पॅनलवर मीच असतो. तुझ्यासारखी मुलगी डिपार्टमेंटला हवी."

सीएचबी म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे. तरी ती प्राध्यापकाची खुर्ची होती. माझ्या घरात गेटच्या आत बसणारं त्याआधी कुणी नव्हतं. मी "विचारते" म्हणाले. घरी विचारलं नाही. आठवडा गेला, तेव्हा सर स्वतःच आले.

गाडी गल्लीत शिरत नव्हती, म्हणून नाक्यावर लावून चालत आले. आईनं पाट मांडला, मग सुचून शेजारची खुर्ची आणली. पाणी दिलं. सरांनी पिशवीतून बाटली काढली. "आहे माझ्याकडे. तळोज्याचं पाणी म्हणजे..." आणि माझ्याकडे बघून हसले, जसं काही आम्ही दोघं बाहेरून आलो होतो. आईनं तांब्या उचलून आत नेला.

सर तिला 'मावशी' म्हणत होते. मोठमोठे लोक येणार आहेत, मावशी. तुमची कला जगासमोर जाईल, मावशी. पोरीचंही भलं होईल. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"त्याचं नाव घ्याचं?"

"तेच तर मेन आहे, मावशी."

आई म्हणाली, "येतंव."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. म्हणूनच मी इतका वेळ गप्प बसले होते. सर गेल्यावर ती तांदूळ निवडायला बसली. मी समोर उभी राहिले.

"आये, तू हो कशाला बोललीस?"

"तुजी नोकरी हाय ना."

"नोकरी गेली खड्ड्यात. मांडव नाय, जेवान नाय. बोलावशील, आनि मंग?"

आईनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"येल तरी," ती म्हणाली.

"मंग जाल कसा? कोन लावून देल त्याला?"

"नाय गेला त नाय गेला."

मी तिथेच खाली बसले. भाऊ गेल्यापासून आमच्या घरात लग्न झालेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मांडवात दुसऱ्यांच्या मेलेल्यांना बोलावतात. याचा अर्थ तिनं तोपर्यंत त्याला एकदाही बोलावलेलं नव्हतं. पहिल्यांदा नाव घेतलं जाईल ते माझ्या लग्नात. मला बघायला स्थळं येत होती. आई प्रत्येक स्थळाला हो म्हणायची. आपटा गावचा एक मुलगा तर तिनं त्याचा चेहराही न बघता पसंत केला होता. मी चिडायचे, वडील तिला म्हणायचे, "अगं, पोर काय घरात जड झालीय का?" ती उत्तर द्यायची नाही. त्या संध्याकाळी मला उत्तर मिळालं. तिला जावई नको होता. मांडव हवा होता.

आता कुणीतरी तिला मांडवाशिवाय परवानगी देऊन गेलं होतं. खुर्चीवर बसून, स्वतःचं पाणी पिऊन.

"तुला जमत नसल त तू येव नको," ती म्हणाली. "मी जातंव रिक्षानं."

मी गेले.

सभागृहाच्या दारात फलक होता. त्यावर शिरस्त्राण घातलेल्या सैनिकांचं काळंपांढरं चित्र आणि बाजूला कारखान्याच्या चिमण्या. सरांनी प्रास्ताविक केलं. खंदक आणि टाकी. तोही गॅस आणि हाही गॅस. तेही अनाम आणि हेही अनाम. माझ्या निबंधातली वाक्यं होती, पण ती आता त्यांच्या तोंडून आली होती. "मित्रहो, आपलं युद्ध तळोज्यात चालू आहे," ते म्हणाले. पाहुण्यांनी माना हलवल्या. "आणि आता या मावशी आपल्याला मृतांना बोलावून दाखवतील. हो, आणि यांचा स्वतःचा मुलगा गेलाय." विभागानं ठरवलेल्या फोटोग्राफरनं कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर आणला. सरांनी आपला फोनही समोर धरला. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापक बाईंनीही पर्समधून फोन काढला.

माईक आईसमोर बुटक्या स्टँडवर लावला होता. मी स्टेजच्या पायरीवर बसले.

आईनं डोळे मिटले. आधी एकवीरेला बोलावलं. मग गावदेवाला, खाडीला, शिवेवरच्या देवांना. तिचा आवाज लग्नात असतो त्यापेक्षा खाली होता. बाकीच्या बाया नव्हत्या. एरवी ती एक ओळ म्हणते आणि मागच्या बाया ती उचलतात. इथे ओळ म्हणून झाली की पंख्याचा आवाज यायचा. ती थांबायची, कुणीतरी उचलेल म्हणून. मग पुढची ओळ घ्यायची.

देव झाले. माणसं सुरू झाली. क्रम ठरलेला असतो, आधी गेलेला आधी. पणजोबा. आजोबा. मिठागरात गेलेली आजी. प्रत्येकाला या म्हणायचं, बसा म्हणायचं. पण जेवायला या म्हणायची ओळ आली तेव्हा ती अडली, कारण जेवण नव्हतं. तिनं ती ओळ गाळली. मला ते ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. मग काका. काकांनंतर तोच होता.

सर शेजारच्या पाहुण्यांकडे झुकले. माझ्यापासून हातभर अंतरावर होते. हळूच म्हणाले, "नाऊ. आता येईल."

मी उठले आणि माईकची वायर ओढून काढली.

"आये, बस कर."

खरखर झाली आणि आवाज गेला. आईचे डोळे मिटलेलेच होते.

"अगं, काय करतेस?" सर म्हणाले. "वन मिनिट. तेच तर मेन आहे."

मी सभागृहाकडे तोंड केलं. मला माईकची गरज पडली नाही. घोकून ठेवलेलं 'आहे' आणि 'नाही' त्या वेळी तोंडात आलं नाही, आणि मी ते शोधलंही नाही.

"सर, तुमी ज्या कविता शिकवता, त्यांना राग कोनाचा हाय? समोरच्या सैनिकाचा कमी हाय. घरी बसून मेलेल्यांचा सोहळा करनाऱ्यांचा जास्त हाय. ते लोक आज या स्टेजवर आनि पयल्या रांगेत बसलेत. माजा भाव तुमच्या पेपरातला परिच्छेद नाय. त्याला इथं कोनी बोलावनार नाय. माजी आय पन नाय."

 मग पुण्याच्या बाईंनी टाळी वाजवली.

"पॉवरफुल," त्या म्हणाल्या. "व्हेरी, व्हेरी पॉवरफुल."

शेजारच्यांनी वाजवली. मागच्या रांगांनी वाजवली. वर्गात 'नाऽऽय' म्हणणारा मुलगाही वाजवत होता. सर एक पाऊल पुढे आले, दुसरा माईक उचलला, हसले आणि म्हणाले, "मित्रहो, यालाच आपण प्रतिरोधाचा स्वर म्हणतो." टाळ्या वाढल्या. एका विद्यार्थिनीनं शाल आणि नारळ असलेलं ताट आणलं. बाईंचा फोन अजून समोरच धरलेला होता.

म्हणजे नाही म्हटलेलंही त्यांनी घेतलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं एवढंच. ते त्यांना आणखी आवडलं होतं.

मी वळले. आई डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. किती वेळ हलत होते, मला सांगता येत नाही. मी तिला काखेत हात घालून उठवलं. शाल राहिली.

वडाळे तलावाच्या बाजूला रिक्षा मिळेपर्यंत ती चालली. मग म्हणाली, "तोंडाशी आलता."

"आये..."

"तुजं काय जात व्हतं?"

मी सांगितलं, ते लोक बघायला बसले होते. तू रडतेस का ते बघायला. सरांचं ते 'आता येईल' तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"त्यांचं मना काय करायचंय?" ती म्हणाली. "मी काय त्यांच्यासाटी गात व्हते?"

  रिक्षात ती बाहेर बघत बसली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारी मी विभागात गेले. सर एकटेच होते. त्यांनी बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"सर, शनिवारचा व्हिडिओ डिलीट करा."

"काय बोलतेस? ते डॉक्युमेंटेशन आहे. आणि तू काय सुंदर बोललीस, त्याचं ट्रान्स्क्रिप्ट मी..."

"आईला गायला विचारलं होतं. शूटिंगचं विचारलं नव्हतं. माझं बोलणंही काढा."

"हे बघ, शनिवारी जे झालं ते मी मनावर घेतलेलं नाही. उलट कौतुक केलं. सीएचबीचा विचार कर जरा."

"केला. डिलीट करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दार मी उघडं ठेवलं होतं आणि बाहेर बी.ए.ची मुलं वर्ग सुटून जात होती. सरांनी फोन काढला, व्हिडिओ शोधला आणि माझ्यासमोर काढून टाकला.

"झालं समाधान?"

"रीसंटली डिलीटेडमधून पण."

ते लाल झाले. "तुझ्यात एक उद्धटपणा आहे," ते म्हणाले. "हा तुझ्या करिअरला..." वाक्य तिथेच राहिलं. त्यांचा अंगठा फोनवर फिरत होता. ते फोल्डर रिकामं झालं. मी ते बघितलं आणि मग निघाले.

फोटोग्राफरचा स्टुडिओ खांदा कॉलनीत होता. कॉलेजनं अजून फाइल नेली नव्हती. मी कोण ते त्याला माहीत होतं. त्यानं कार्ड लावलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "ताई, एकदा बघणार का?" मी नाही म्हटलं. आईनं नाव घेतलं की नाही, हे त्या फाइलमध्ये कदाचित दिसलं असतं. माईक बंद होता, पण ओठ होते. मी बघितलं नाही. त्यानं ती काढली. सर पैसे देणार नाहीत हे त्याला ठाऊक असावं, तसं तो बोललाही. चहा मात्र पाजला.

परीक्षा झाली. जूनमध्ये सीएचबीची यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं. मी दैनिकातच राहिले, आता पूर्ण वेळ. तळोज्याच्या बातम्यांची बीट मागून घेतली. टाकीत माणूस गेला की बातमीत मी एक वाक्य लिहितेच. मास्क होता, किंवा मास्क नव्हता, किंवा विचारलं तेव्हा कंपनीनं सांगितलं नाही. संपादक ते कापत नाहीत.

आपट्याच्या स्थळाला मी नाही कळवलं. आईला सांगितलं की लग्न करीन तेव्हा माझ्यासाठी करीन, बोलावण्यासाठी नाही. ती म्हणाली, "बरं." त्या शनिवारपासून ती संध्याकाळी पुढचं दार ओढून घेत नाही. डास येतात. वडिलांनी रविवारी दोनदा लावलं, तिनं उठून उघडलं. कुणासाठी, ते मी तिला विचारलेलं नाही.

पुण्याच्या बाईंकडची प्रत राहिली आहे. पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या छान बोलल्या. मी त्यांना आठवत होते. म्हणाल्या, "अगं, पण त्यात तुझ्या भावाचं नाव कुठे आहे? मग तुला त्रास काय?"

मी म्हटलं, "ते माझ्या घरातलं आहे. काढून टाका."

त्या म्हणाल्या की तो व्हिडिओ त्यांनी वर्गात दाखवला, मुलांना रडू आलं. दोन संशोधक विद्यार्थ्यांकडेही पाठवला आहे. बघते, म्हणाल्या.

मी त्या विद्यार्थ्यांची नावं मागितली. त्यांनी दिली नाहीत. म्हणून मी दर सोमवारी सकाळी, ऑफिसला पोचल्यावर पहिल्यांदा, त्यांना फोन करते. सुरुवातीला त्या उचलायच्या. आता उचलत नाहीत. मग मी मेसेज पाठवते. दर वेळी तेच शब्द: मी कोण, व्हिडिओ कुठला, तो तुमच्याकडून आणि त्या दोघांकडून, अशा तीन ठिकाणांहून काढायचा आहे, आणि काढला जाईपर्यंत मी विचारत राहीन. उत्तर देणार नसाल तर तुमच्या विद्यापीठात येऊन, तुमच्या वर्गात उभी राहून विचारीन, हेही मी लिहिलं आहे.

गेल्या सोमवारचा मेसेज त्यांनी वाचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलेलं नाही.